पोतीला पीळ नव्हता

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मठातल्या आप्पांनाही नाही — आमच्याकडचे लोक त्यांच्यापुढं बसून पोटातलं सगळं ओकून मोकळे होतात, मीही बसलो, पाया पडलो, आणि पावसापाण्याचं बोलून उठून आलो. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगेन का? ठाऊक नाही. सुरुवात करतो.

मी लग्नांचे फोटो काढतो. भालकीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. बीदरपासून हुमनाबादपर्यंत, मराठी घरांत आणि कन्नड घरांतही, लोक मला फोटोवाले अण्णा म्हणतात. फोटो चांगले काढतो. तोंडानं फटकळ आहे, हेही तेच लोक तुम्हाला सांगतील. आणि त्यांचं काही चुकत नाही.

परवाच बीदरच्या एका मंगल कार्यालयात मी तमाशा केला. नवरा-नवरी दोघं हैदराबादेत नोकरीला, शिकलेली, बोलायला गोड. मंगळसूत्र बांधून झालं, मला हवे तसे फोटो मिळाले. तेवढ्यात नवरदेव म्हणाला, अण्णा, रीलसाठी परत एकदा बांधतो, ती सोडते. यात काय मोठं? आजकाल सगळीकडं चालतं. हार परत घालतात, अक्षता परत टाकतात, पाठवणीचं रडणंसुद्धा परत करतात. पण मी कॅमेरा गळ्यातून काढला, खुर्चीवर ठेवला आणि म्हणालो, बांधलेलं सोडायचं असेल तर दुसरा फोटोवाला बघा. मोठ्यानं म्हणालो. नवरीचा बाप घाबरून हात जोडायला लागला. शेवटी कुणी काही सोडलं नाही. जेवताना एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, तुमच्यासारखी रीतीभाती जपणारी माणसं आता कुठं राहिली? माझ्या हातातला घास हातातच राहिला.

रीतीभाती! मला? आमच्या लिंगायत घरात रोज शरणांची वचनं म्हणतात. शकुन-अपशकुन, मुहूर्त-बिहूर्त आम्ही मानत नाही. मग मी का ओरडलो? — तेच तर सांगायचं आहे.

आधी माझ्या रागाबद्दल सांगू द्या. ते सोपं आहे. तुम्ही लग्नाला जाता, अक्षता टाकता आणि पंगतीकडं धावता. मी तिथंच उभा असतो. मांडवात जांभळे-निळे दिवे लावतात, नवरीचं तोंड वांग्यासारखं दिसतं, आणि वर मलाच विचारतात, अण्णा, रंग असा का आला? धूर सोडायचं मशीन आणतात. सकाळभर मेकअप करून नवरी बाहेर येते तेव्हा तिची सख्खी आई तिला ओळखायला वेळ लावते. कुठल्या तरी पुढाऱ्याची वाट बघत मुहूर्त टळून जातो. हे सगळं मी सोसतो. पण मोबाइल? ते मला सोसत नाहीत. ऐन वेळेला, बरोबर माझ्या कॅमेऱ्यापुढं, एक हात वर होतो. त्या हातात मोबाइल. मागून दुसरा हात. ज्याला आयुष्यात कधी सरळ फोटो काढता आला नाही, तो माझ्यापुढं पाठ करून उभा राहतो. अशा वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या दिवशीही गेली. निर्णा गावातलं लग्न होतं, काही वर्षांपूर्वीचं.

नवरी निर्ण्याची, अश्विनी. नवरा खटकचिंचोळीचा, महेश. दोन्ही घरं शेतीवाली, खाऊन-पिऊन सुखी. पोरं चांगली होती हो. मी पुष्कळ जोड्या बघतो, मला कळतं. काही जोड्यांना एकमेकांकडं बघा म्हणून सांगावं लागतं, या दोघांना इकडं बघा म्हणून सांगावं लागत होतं. मला दोघंही अण्णा म्हणायची. सकाळी हळदीच्या वेळी अश्विनीनं मला दोनदा विचारलं, अण्णा, तुम्ही खाल्लं का? लग्नघरात फोटोवाल्याला हे कुणी विचारत नाही. नवरी तर नाहीच.

अक्षता पडल्या, हार घातले. मंगळसूत्राची वेळ आली आणि महेशचा मामा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. धिप्पाड माणूस, पटका बांधलेला, हात वर, हातात मोबाइल. सकाळपासून त्यानं मला हैराण केलं होतं — इकडून काढ, तिकडून काढ, आमच्या साहेबासंगं काढ. मी म्हणालो, मामा, बाजूला व्हा. तो हलला नाही. परत म्हणालो. तो म्हणाला, "थांब की रे, तू एकटाच फोटोवाला हायस का?"

झालं. मी वळलो त्याच्याकडं. सगळ्या मांडवापुढं त्याला झाडला. ही वेळ परत येत नसते मामा, एकदा गेली की गेली, तुमच्या मोबाइलपायी या पोरांच्या जन्माचा फोटो जाईल, तुम्हाला काय त्याचं? असं बरंच काही. मला वाटतं मी छान बोललो. लोक ऐकत होते. मामाचं तोंड एवढंसं झालं आणि तो मागं सरला. मी विजयी वीरासारखा स्टेजकडं वळलो —

आणि महेश गाठ मारून सरळ उभा राहत होता.

कळलं ना? ती वेळ परत येत नाही हे मामाला पटवून देण्यात मी ती वेळ घालवली होती. मामाच्या मोबाइलमध्येही ती नव्हती, कारण मी त्याला मागं ढकललं होतं. कुणाकडंच नव्हती.

खरं बोलायला किती वेळ लागला असता? माझा चुकला, एवढंच. लोक हसले असते. मामा तर पोट धरून हसला असता, आणि गावभर सांगत फिरला असता. बाकी काय झालं असतं? पण मला ते हसू नको होतं. नुकताच मी शहाणपण शिकवून वळलो होतो. ते शहाणपण अजून हवेत होतं.

तोवर बँडवाल्यांनी जोर धरला होता, कानात बोट घातलं तरी ऐकू येईल असा. मी स्टेजला अगदी लागून गेलो, अश्विनीच्या कानाजवळ वाकलो आणि म्हणालो, "वहिनी, पोतीला पीळ पडलाय. फोटोत वाईट दिसायलंय. जरा सोडा, ते परत बांधतील."

पोतीला पीळ नव्हता. काळ्या मण्यांची ती पोत तिच्या गळ्यात अशी सरळ बसली होती की सोनाराच्या दुकानात ठेवावी. मी बघितली होती. पीळ असता तर मला सगळ्यात आधी दिसला असता, तोच माझा धंदा आहे.

तिनं मान खाली घालून बघायचा प्रयत्न केला. आपल्या गळ्यातलं आपल्याला काय दिसणार? महेशच्या हातात नारळ होता. तो हसून म्हणाला, "अण्णा म्हणायलेत तर सोड की." भटजी पाठ वळवून पुढच्या विधीची मांडामांड करत होते. तिचे हात मानेमागं गेले. तेवढ्यात महेशची म्हातारी आत्या पुढं घुसली आणि तिनं अश्विनीचं मनगट धरलं. बोलली ते बँडमध्ये बुडालं, पण ओठ वाचता आले. बांधलेलं सोडू न्हाई पोरी.

अश्विनी थांबली. तिनं आत्याकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"सोडू का अण्णा?"

"सोडा. काय होत न्हाई."

तिनं सोडली. महेशनं परत बांधली. दुसऱ्या खेपेला तो घाबरलेला नव्हता. ती डोळे मिटून उभी राहिली, दिव्याचा उजेडही बरोबर तिच्या कानाजवळ पडला, आणि मला तो फोटो मिळाला. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो. मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. लोक आत यायचे आणि त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, आमचा पण असाच काढा. मी म्हणायचो, असा फोटो मागून मिळत नसतो, वेळेवर हजर राहावं लागतं. अशी वाक्यं माझ्या तोंडात तयारच असतात.

इथवरचं सांगायला मला फार जड गेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. खोटेपणा होता, पण लग्नाच्या गडबडीतला. मी एवढ्यावरच थांबलो असतो तर तुम्हीही म्हणाला असता, जाऊ द्या हो अण्णा. पण एवढ्यावर थांबलं नाही.

पुढच्या वर्षी ऊस तोडणीच्या दिवसांत महेश गेला. दिवस मावळता मावळता हुमनाबादकडून गाडीवर येत होता, रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, काही नाही. तो माझ्यामुळं गेला असं मला एक क्षणही वाटलेलं नाही. स्पष्ट सांगतो. दिवा नसलेल्या ट्रॉलीमुळं गेला. पोत सोडल्यानं कुणी मरत नाही, बांधून ठेवल्यानं कुणी जगत नाही. हे मी मनाला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला त्याचीच शिसारी येते. कारण मला कुणी ते विचारलंच नव्हतं. विचारलं होतं दुसरंच.

हार घालायला मोठा फोटो हवा म्हणून त्याच्या घरून निरोप आला. आमच्याकडं तरण्या माणसाचा चांगला फोटो बहुतेक वेळा लग्नातलाच असतो. मी लग्नातलाच घेतला. शेजारची अश्विनी कापून काढली. खांद्यावर तिची बोटं आली होती, ती पुसली. मागं निळा रंग भरला. हे आमचं नेहमीचं काम आहे. तेराव्याच्या आधी मी स्वतः फ्रेम घेऊन खटकचिंचोळीला गेलो.

ओसरीवर माणसं बसली होती. महेशची आई, आत्या, भावकीतली चार-दोन माणसं. खांबाला टेकून तोच मामा. अश्विनी आतल्या दाराच्या उंबऱ्यापाशी बसली होती. मी फ्रेम ठेवली तसं महेशच्या आईला भरून आलं. फोटोवरून हात फिरवता फिरवता ती रडायला लागली आणि रडता रडता उंबऱ्याकडं वळली.

"चांगलं बांधलं हुतं की माझ्या लेकरानं. कामून सोडलीस गं? भर मांडवात आपल्या हातानं सोडलीस. आत्या हात धरायलती, तरी सोडलीस."

ते ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. हे तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि बाकीचे मान हलवत होते त्यावरूनही. सगळ्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. बँडमुळं ऐकलं मात्र आम्ही तिघांनीच — मी, अश्विनी आणि महेश.

अश्विनीनं मान वर केली. माझ्याकडं बोट केलं नाही, फक्त बघितलं.

"मी माझ्या मनानं न्हाई सोडलं, आत्ती. अण्णांनी सांगितलं, पीळ पडलाय म्हणून. हितंच हायत, इचारा त्यांना." सासूला ती आत्ती म्हणायची.

सगळे माझ्याकडं वळले. आई वळली, आत्या वळली. मामानं खांबावरची पाठ सोडली.

तुम्हाला काय वाटतं, मी काय विचार केला असेल? त्या पोरीचा? तिच्या पुढच्या आयुष्याचा? खोटं बोलू नये म्हणून बसलो आहे तर सांगतो — मी मामाचा विचार केला. सांगितलं तर तो विचारेल, पीळ कुठं होता? आणि त्याला कळेल की आपल्याला झाडणारा हा शहाणा स्वतःच ती वेळ चुकला होता. मेलेल्या पोराच्या फोटोपुढं, त्याच्या रडत्या आईपुढं, मला माझा मांडवातला रुबाब सांभाळायचा होता. एवढी बारीक गोष्ट. एवढ्याशा गोष्टीसाठी.

मी म्हणालो, "इतकी लग्नं करतो मावशी. ध्यानात न्हाई मला."

मला वाटलं होतं अश्विनी रडेल, भांडेल, शपथ घालेल. तिनं मान खाली घातली आणि उंबऱ्यावर बोटानं रेघ ओढत बसली. चहा आला. मी तो प्यालो. प्यालो, हो.

तिला माहेरी पोचवलं, हे मला दुसऱ्या एका लग्नात कळलं. सासरी कुणी तिला मारलं-झोडलं नाही. घालवून दिली असंही कुणी म्हणत नाही. नुसतं रोज ते वाक्य. कामून सोडलीस गं. निर्ण्यातही ते तिच्या आधी जाऊन पोचलं होतं. हळदीला तिला बोलवत नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नाहीत. विधवेला आमच्याकडं असंही कमीच बोलावतात. पण हिचं नाव निघालं की बायका आवाज खाली करतात. मी स्टुडिओतला तो मोठा फोटो उतरवला आणि तिथं एका बाळाच्या बारशाचा लावला.

गेल्या उन्हाळ्यात ती स्टुडिओत आली. भर दुपार होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. एकटीच, बसनं आली होती. मी ओळखलं नाही असं दाखवलं — घ्या, हेही लिहून ठेवा. तिनं नाव सांगितलं. मी म्हणालो, अरे, बसा बसा. तिनं भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, तो फोटो काढला का अण्णा? मी म्हणालो, रंग उडाला होता. खोटं बोलायला मला आता विचारसुद्धा करावा लागत नव्हता.

मग ती म्हणाली, त्या वेळचा एखादा फोटो असेल का? सोडतानाचा? तुम्ही मोजून थोडेच काढता, हात चालूच असतो तुमचा. मी विचारलं, आता कशाला? सासरी दाखवायचाय?

"न्हाई अण्णा. तिकडचं मिटलं. आईला दाखवायचाय. तिला बी वाटायलंय, मीच आपल्या मनानं सोडलं म्हणून." पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "अन् खरं सांगू का, आता मला बी तसंच वाटायलंय. तुम्हाला ध्यानात न्हाई म्हणालात. मग मलाच कायतरी भास झाला असंल. रातंदिस इचार करायले, पर आता पीळ बी आठवंना अन् तुमचं बोलणं बी आठवंना. फोटो असला तर बघून घेतले असते एकदा."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. नवरा गेला, घर गेलं, नाव गेलं, आणि जे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, कानांनी ऐकलं होतं, तेही मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. तिथंही ती मलाच विचारत होती. अण्णा म्हणून.

मी म्हणालो, अल्बम दिल्यावर बाकीचे आम्ही पुसून टाकतो.

ती म्हणाली, व्हय, लई दिवस झाले. उठली. दारात चप्पल घालताना विचारलं, तुम्ही जेवलात का? आणि गेली.

फोटो होता. आहे. हात चालूच असतो माझा, तिनं बरोबर ओळखलं होतं. त्या फोटोत अश्विनीचे दोन्ही हात मानेमागं आहेत. आत्यानं तिचं मनगट धरलं आहे. महेश नारळ धरून हसतो आहे. आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघते आहे, तोंड अर्धं उघडं, काहीतरी विचारताना माणसाचं असतं तसं. खालच्या कोपऱ्यात एक हात आला आहे, पुसट, सोडा म्हणून खुणावणारा. मनगटात बीदरी कडं, काळ्यावर चांदीची वेल. ते कडं आमच्या तालुक्यात कुणीही ओळखेल. आता हे सांगतानाही ते माझ्या हातात आहे.

ती गेल्यावर त्याच दुपारी मी तो फोटो उघडून बघितला. त्यानंतरही पुष्कळदा बघितला. पुसलेला नाही. निर्णा काही लांब नाही, खटकचिंचोळी तर त्याहून जवळ. या लग्नसराईत मी दोन्ही गावांना जाऊन आलो, कॅमेरा घेऊन. तो फोटो नेला नाही.